एक वेल, एक फळ: सोलापूरच्या काळ्या रानात महाकाय भोपळ्याच्या वेलाची आखणी

महाकाय भोपळ्याचा विषय निघाला की चर्चा बियाण्यावर आणि खतावर थांबते. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, यात शंका नाही; परंतु चांगले बियाणे आणि भरपूर शेणखत मिळूनही फळ वीस-पंचवीस किलोवर अडले, तर बहुतेक वेळा दोष वेलाच्या मांडणीत सापडतो. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथील स्पर्धेत १,२४७ किलोच्या भोपळ्याने तेव्हाचा जागतिक विक्रम केला आणि २०२५ मध्ये इंग्लंडमधील १,२७८.८ किलोच्या फळाने तोही मागे टाकला. स्पर्धेसाठी अशी फळे पिकवणारे लोक एका वेलावर शेवटी एकच फळ ठेवतात आणि त्या वेलाचे प्रत्येक पान, प्रत्येक मूळ त्या एका फळाच्या कामाला लावतात. हा लेख त्या मांडणीविषयी आहे, आणि तो सोलापूरची काळी जमीन, येथील परतीचा पाऊस आणि हिवाळ्यातील आखूड दिवस गृहीत धरून लिहिला आहे.

सुरुवातीला वाणाचा खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्या भाजी मंडईत मिळणारा लाल भोपळा बहुधा ‘मोशाटा’ या जातीचा असतो, तर महाकाय भोपळा ‘कुकरबिटा मॅक्झिमा’ या वेगळ्या जातीतील आहे. त्यातील ‘अटलांटिक जायंट’ हा वाण कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने निवडीतून घडवला आणि आजची सर्व विक्रमी फळे त्याच वंशातील आहेत. देशी भोपळ्याच्या बियांवर खालील सारी मेहनत केली, तरी तेवढा आकार येणार नाही. बियाणे परदेशातून मागवायचे असल्यास आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते, हे आधीच लक्षात घ्यावे.

हंगाम कोणता धरावा

उत्तरेकडील थंड देशांत हे पीक उन्हाळ्यात घेतात, कारण तिथे उन्हाळ्यातला दिवस पंधरा-सोळा तासांचा आणि हवा सौम्य असते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. त्या तापमानात मादी फुले गळतात आणि पाने दुपारभर मान टाकून राहतात. म्हणून माझ्या मते येथे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बी टाकणे सर्वांत योग्य ठरते. दहा-बारा दिवसांत रोप लावण्याजोगे होते, ऑक्टोबरच्या मध्यास वेल पळू लागतो, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात परागीकरण होते आणि फळ वाढीचे दोन-सव्वादोन महिने थंडीत सरतात. मकर संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते त्या सुमारास फळ पूर्ण आकाराला आलेले असते.

या हंगामाची एक मर्यादा मात्र मान्य करावी लागते. डिसेंबरात सोलापूरचा दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, त्यामुळे एका पानाला मिळणारा सूर्यप्रकाश परदेशातील वेलापेक्षा बराच कमी असतो. पहिल्याच हंगामात शंभर किलोचा टप्पा गाठला, तरी ते कौतुकास्पद यश मानावे. प्रकाश कमी असल्यामुळेच येथे पानावर पान चढणे आपल्याला परवडत नाही, आणि म्हणून आखणीचे महत्त्व इकडे अधिक आहे.

जागेचे माप आणि दिशा

एका वेलासाठी पूर्व-पश्चिम ३० फूट आणि दक्षिणोत्तर २४ फूट अशी आयताकृती जागा राखावी. हे क्षेत्र ७२० चौरस फूट, म्हणजे पाऊण गुंठ्याला थोडे कमी होते. याहून लहान जागेतही वेल वाढतो, परंतु ४०० चौरस फुटांच्या खाली उतरू नये. दोन वेल लावायचे असल्यास प्रत्येकाला स्वतंत्र जागा द्यावी. एकाच जागेत दोन वेल कोंबले की दोघांचीही फळे मध्यम राहतात.

रोप जागेच्या मधोमध लावू नये. पूर्वेकडील बांधापासून ४ फूट आत, उत्तर-दक्षिण कडांपासून समान अंतरावर, म्हणजे दोन्ही बाजूंना १२ फूट राहतील अशा ठिकाणी लावावे. मुख्य वेल तिथून पश्चिमेकडे सरळ न्यायचा आहे. या दिशेमागे वाऱ्याचा विचार आहे. पावसाळा सरला की आपल्याकडे वारा बहुतांशी पूर्वेकडून आणि ईशान्येकडून येतो. वेल वाऱ्याच्या दिशेने पळत असला तर झुळूक त्याला जमिनीवर दाबते, आणि वाऱ्याकडे तोंड करून पळत असला तर तीच झुळूक कोवळ्या शेंड्याखाली शिरून त्याला उलटवते. बुडापासून पहिल्या दोन-तीन फुटांत उलटलेला वेल अनेकदा तिथेच पिचतो आणि हंगाम संपतो.

रोप लावतानाच दिशा ठरवण्याची एक सोपी खूण आहे. दोन गुळगुळीत बीजपत्रांनंतर जे पहिले खरे, खरखरीत पान येते, त्याच्या विरुद्ध बाजूला मुख्य वेल साधारणपणे पळतो. म्हणून पहिले खरे पान पूर्वेकडे राहील असे रोप फिरवून लावावे. यामुळे पुढे वेलाला जबरदस्तीने वळवण्याची वेळ येत नाही.

जमीन आणि गादी

सप्टेंबर हा सोलापूरचा सर्वाधिक पावसाचा महिना आहे आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत झोडपू शकतो. काळ्या जमिनीत पाणी साचले की रोपाचे बूड कुजते. त्यामुळे रोपाच्या जागी ६ फूट लांब, ६ फूट रुंद आणि फूटभर उंच अशी गादी करावी. तिच्यात निम्मी पोयटा माती आणि निम्मे पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असावे. जागेच्या चारही बाजूंना दीड फूट खोल चर काढून त्यांना उताराकडे तोंड द्यावे. उर्वरित जागेत शेणखत पसरून वरच्या आठ-नऊ इंचांत मिसळावे.

काळ्या मातीचा दुसरा स्वभाव अधिक घातक आहे. ती ओली असताना फुगते, वाळली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात. महाकाय भोपळ्याची बरीचशी अन्नग्रहण करणारी मुळे वेलाच्या पेरांतून, म्हणजे जिथे पान फुटते त्या सांध्यांतून, फुटून जमिनीच्या वरच्या थरात पसरतात. भेग पडली की ती तटातट तुटतात आणि वरून मात्र काहीच दिसत नाही, फक्त फळाची रोजची वाढ मंदावते. यावर उसाच्या पाचटाचे चार-पाच इंच आच्छादन हा उपाय आपल्या जिल्ह्यात सहज उपलब्ध आहे. वेल जसजसा पुढे सरकेल तसतसे आच्छादन पुढे न्यावे. आधीच सगळीकडे पसरल्यास मुळे जमिनीत शिरण्याऐवजी पाचटात भटकतात.

मुख्य वेलाला वळण

रोपाला पाच-सहा पाने येईपर्यंत ते उभे वाढते आणि नंतर स्वतःच्या वजनाने झुकते. या काळात खोडाच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या दोन काठ्या फुलीसारख्या रोवून त्यांच्या बेचक्यात वेल सैल टेकवावा. दोरीने आवळू नये. वेल जमिनीला टेकला की काठ्या पुढे सरकवाव्यात.

वेल वळवायचा तो नेहमी दुपारनंतर वळवावा. पहाटे पेशींत पाणी गच्च भरलेले असते आणि वेल काकडीच्या फोडीसारखा कडकन मोडतो. दुपारी तो थोडा नरमलेला असतो. तेव्हाही एका दिवसात थोडासाच कोन द्यावा आणि शेंड्याकडील दीड-दोन फुटांपलीकडे मागे हात लावू नये, कारण तो भाग मुळांनी जमिनीला धरलेला असतो.

पेर: सगळ्या कामाचे ठिकाण

वेलावर एका पेराजवळ बसून नीट पाहिल्यास पुढचे सारे काम समजते. एकाच जागी लांब दांड्याचे पान असते, त्याच्या बगलेत फूल असते, शेजारून वळणदार ताणा निघतो, बगलफूट, म्हणजे पानाच्या बगलेतून निघणारी नवी फांदी, डोके वर काढते आणि पेराच्या खालून व वरून पांढरट मुळांचे टोकदार कोंब डोकावतात. यांपैकी काय ठेवायचे आणि काय काढायचे, हा निर्णय प्रत्येक पेरावर घ्यायचा आहे. सोलापूर परिसरातील ज्या शेतकऱ्यांनी द्राक्षबागेत बगलफूट काढली आहे, त्यांना हे शिकवण्याची गरज पडत नाही. फरक इतकाच की तिथे ओलांडा, म्हणजे वेलाची आडवी वळवलेली फांदी, तारेवर असतो आणि इथे तो मातीत गाडायचा असतो.

ताणा सापडेल तिथे खुडावा, कारण तो शेजारच्या पानाच्या दांड्याला विळखा घालून पुढे वेल हलवताना पान फाडतो. त्यानंतर पेराखाली दोन-तीन इंच खोल नाळ उकरून वेल तिच्यात बसवावा आणि पेरावर ओंजळभर पोयटा व गांडूळखताचे ओलसर मिश्रण टाकावे. निव्वळ काळी माती टाकल्यास ती वाळून ढेकूळ होते आणि वरचे मूळ त्यात अडकून सुकते. शेंड्याकडील फूट-दीड फूट वेल उघडा ठेवावा. तो अजून लांबत असतो आणि गाडल्यास मुळे तुटतात. गाडलेली पेरे पहिला आठवडा ओलसर राहिली पाहिजेत. हे काम एक दिवसाआड करावे, कारण ऐन वाढीत मुख्य वेल दिवसाला फूटभरही सरकतो आणि चार दिवस दुर्लक्ष झाले की त्याने स्वतःची वाट धरलेली असते.

आडव्या फांद्यांची मांडणी

मुख्य वेलाच्या दोन्ही बाजूंना निघणाऱ्या बगलफुटी काटकोनात, एक उत्तरेकडे आणि एक दक्षिणेकडे, अशा सरळ न्याव्यात. एकाच बाजूच्या दोन फांद्यांत दोन ते अडीच फूट अंतर ठेवावे. याच्या पानांचा घेर मोठा असतो, त्यामुळे एवढ्या अंतरात पाने एकमेकांना नुसती भिडतात आणि खाली पाय ठेवायला जागा उरते. मधल्या बगलफुटी दोन इंचांच्या आतच चिमटून काढाव्यात. मोठ्या झाल्यावर कापल्यास जखम मोठी होते आणि फुकट वाढलेला पाला वाया जातो.

बुडाजवळची पहिली जोडी थोडी मागे, पूर्वेकडे कललेली न्यावी, म्हणजे मागचे दोन कोपरे रिकामे राहत नाहीत. जुन्या फांद्या ११ फुटांपर्यंत वाढू द्याव्यात आणि पश्चिमेकडे जाताना ही लांबी कमी करत शेवटच्या फांद्या सहा-सात फुटांवर थांबवाव्यात. जागेत साधारण वीस-बावीस फांद्या बसतात. प्रत्येक फांदीची पेरेही मुख्य वेलाप्रमाणेच गाडायची आहेत, आणि फांदीवर जी पुन्हा फूट येते ती सगळी काढायची आहे. हा नियम मोडण्याची परवानगी मी एकाच ठिकाणी देईन: एखादी फांदी मोडली वा कुजली, तर शेजारच्या फांदीवरील एक फूट त्या रिकाम्या जागेत वळवून घ्यावी.

फांदीने ठरलेली लांबी गाठली की तिचा शेंडा मारावा आणि कापलेले टोक मातीत गाडावे. कापणी कोरड्या दिवशी, ऊन आल्यावर करावी. ओल्या जखमेतून सड आत शिरते. कात्री स्पिरिटने पुसत राहावी, कारण भोपळ्यावरील मोझॅक विषाणूंपैकी काही अवजारांमार्फतही पसरतात. शेंडे मारल्यावर फांद्यांवर नव्या फुटींचा जोर येतो, त्यामुळे पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड फेरी चुकवू नये. फिरण्यासाठी दोन फांद्यांच्या मधल्या जागेत जुन्या फळ्या टाकाव्यात आणि पाय फळीवरच ठेवावा. काळ्या ओल्या मातीवर पडलेले एक पाऊलही खालची मुळे दाबून टाकते.

फळ कोणते आणि कुठे

मुख्य वेलावर बुडापासून सहा-सात फुटांवर पहिले मादी फूल येते. ते खुडावे. तिथे फळ धरल्यास त्याच्या मागे पोसणारा पाला अपुरा राहतो आणि फळ बुडावर रेटू लागते. १० ते १३ फुटांच्या दरम्यानचे फळ सर्वांत योग्य असते: मागच्या फांद्या तयार झालेल्या असतात आणि पुढे १०-१२ फूट वेल वाढवायला वाव असतो.

मादी कळी उमलण्याच्या आठवडाभर आधी शेंड्याजवळ तिचा पिटुकला गोळा दिसू लागतो. याच आठवड्यात वेलाला वाक द्यायचा असतो, कारण नंतर तो भाग ताठर होतो. कळी उत्तरेकडे असेल तर शेंडा हळूहळू दक्षिणेकडे वळवावा, म्हणजे फळ वाकाच्या बाहेरच्या अंगाला येते आणि त्याचे खांदे वाढताना वेलावर चढत नाहीत. पाच-सहा फुटांनंतर वेल पुन्हा पश्चिमेकडे आणावा. फळाच्या बाजूची जवळची एक-दोन आडवी फांदी काढून ५ फूट लांब-रुंद मोकळी जागा ठेवावी. हा त्याग करताना मन धजत नाही, परंतु दोन महिन्यांनी ती फांदी फळाखाली चिरडणारच असते.

परागीकरण हाताने करावे. आदल्या संध्याकाळी, उमलण्याच्या बेतात असलेल्या मादी कळीवर आणि दोन-तीन नर कळ्यांवर तलम कापडाच्या पिशव्या बांधाव्यात. सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा परागदांडा मादी फुलाच्या प्रत्येक पाळीवर अलगद फिरवावा आणि पिशवी पुन्हा बांधावी. दुपारचे तापमान ३२ अंशांच्या पुढे जाणार असेल, तर त्या फुलावर पुढचे तीन-चार दिवस शेडनेटची सावली धरावी. मुख्य वेलावर एकापाठोपाठ दोन-तीन फळे धरून ठेवावीत आणि रोज त्यांचा घेर मोजावा. पंधरा-वीस दिवसांत सर्वांत वेगाने वाढणारे फळ कळून येते. ते ठेवून बाकीची काढावीत. फक्त आकडा पाहू नये, देठ जाड आहे का आणि वेलाशी काटकोनाच्या जवळपास आहे का, हेही पाहावे. थोडे सावकाश वाढणारे पण चांगल्या देठाचे फळ मी पसंत करेन.

देठ वाचवणे

लहान फळ देठाशी लघुकोन करून वेलाला चिकटलेले असते. ते तसेच वाढले, तर त्याचा खांदा वेलाला ढकलतो, ताण देठावर येतो आणि एखाद्या सकाळी देठ उकललेला दिसतो. परागीकरणानंतर दहा दिवसांनी, रोज दुपारी फळ इंचभर सरकवत देठ वेलाशी काटकोनात आणावा. विरोध जाणवला की त्या दिवशी थांबावे.

फळ जसे उंच होते तसे ते वेलाला वर उचलते. म्हणून देठाच्या दोन्ही बाजूंची दोन-अडीच फूट पेरे गाडू नयेत आणि तिथे फुटलेली मुळे कापून टाकावीत. संपूर्ण वेलात गाडण्याचा आग्रह धरून फक्त येथे उलटे का करायचे, असे वाटेल; परंतु या चार-पाच फुटांत वेलाला वर येण्याची मोकळीक मिळाली नाही, तर बाकीच्या सगळ्या मुळांचा उपयोग शून्य होतो. फळ सहा-सात इंचांचे झाले की त्याखाली चार इंच जाड कोरड्या वाळूची गादी घालून तिच्यावर शेडनेटचा तुकडा अंथरावा. फळ अशा गादीवर सरकत वाढते आणि बुडाला ओल धरत नाही. वरून पांढऱ्या सुती कापडाची सावली करावी. कडक उन्हात साल लवकर कठीण होते आणि मग ती ताणली जाण्याऐवजी तडकते.

मुख्य वेलाचा शेंडा फळापलीकडे १०-१२ फूट गेल्यावर, फळ नीट वाढीला लागल्याची खात्री करून मारावा. त्याआधी शेंडा मारण्याची घाई करू नये, कारण फळ गळाल्यास पुढची मादी कळी त्याच शेंड्यावर येणार असते.

पाणी, कीड आणि रोजची नोंद

ठिबकची एकच नळी बुडाजवळ ठेवून भागत नाही. मुळे वेलाबरोबर पसरत असल्याने प्रत्येक आडव्या फांदीलगत एक नळी असावी. पाण्याचा अंदाज सोपा आहे: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ७२० चौरस फूट म्हणजे सुमारे ६७ चौरस मीटर. पाने पूर्ण पसरल्यावर दिवसाला चार-पाच मिलिमीटर गरज धरली, तर २७० ते ३३५ लिटर पाणी लागते. हे पाणी दोन हप्त्यांत, पण दररोज सारखे द्यावे. चार दिवस ताण देऊन पाचव्या दिवशी भरपूर पाणी सोडल्यास फळ फुटते. दुपारी पाने कोमेजलेली दिसली म्हणून लगेच पाणी सोडू नये. सहा इंचांखालची माती हातात घेऊन पाहावी, ती ओलसर असेल आणि संध्याकाळी पाने सावरत असतील, तर चिंता नाही. खतांत वेल वाढीच्या काळात नत्र आणि फळ धरल्यावर पालाश यांवर भर असावा, इतके येथे पुरे.

रोपावस्थेत तांबडे भुंगेरे बीजपत्रांची चाळण करतात, तेव्हा पहिले तीन आठवडे रोपावर जाळी ठेवावी. फळमाशी कोवळ्या फळाला डंख करून आत अंडी घालते. क्यू-ल्यूरचे, म्हणजे नर माश्यांना ओढून घेणाऱ्या गंधाचे, सापळे लावावेत आणि साल टणक होईपर्यंत फळ कापडी पिशवीत ठेवावे. थंडीत भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी, हमखास येते. पाने विरळ आणि हवेशीर असतील तर ती आटोक्यात राहते, हा नेटक्या मांडणीचा आणखी एक लाभ आहे.

फळाची मापे रोज, ठरावीक वेळी घ्यावीत: जमिनीला समांतर घेर, देठाच्या बाजूच्या जमिनीपासून फुलाच्या बाजूच्या जमिनीपर्यंत वरून घेतलेले माप, आणि एका बाजूच्या जमिनीपासून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत वरून घेतलेले माप. परदेशातील उत्पादक या तिन्हींची बेरीज करून तक्त्यावरून वजनाचा अंदाज बांधतात. वाढ अचानक थांबली, तर फळ तपासण्याआधी वेल तपासावा: एखादी फांदी बुडाशी पिवळी पडली आहे का, आच्छादनाखाली भेग पडली आहे का, देठाजवळ चीर आहे का.

जानेवारीत सलग चार-पाच दिवस माप वाढले नाही की फळ काढावे. देठाच्या दोन्ही बाजूंना फूटभर वेल ठेवून कापावे. देठाला धरून फळ कधीही उचलू नये. फळ किंचित कलवून त्याखाली जाड ताडपत्री सरकवावी, चारही बाजूंनी माणसे उभी राहून एकाच वेळी उचलावे, आणि टेम्पोत ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबवर, फुलाची बाजू मागे येईल असे ठेवून वजनकाट्याकडे न्यावे.